एका नावाचे अनेक धनी

करोल बागेत बिऱ्हाड केलेल्या मराठी माणसाला दोन गोष्टींची सवय लवकर करून घ्यावी लागते. एक गर्दीची आणि दुसरी पाट्यांची. संध्याकाळी कचेरीतून परतताना अजमल खान रस्त्याने पायी यावे, तो एकाच नावाची दोन-दोन, तीन-तीन दुकाने शेजारीशेजारी उभी दिसतात. एक पाटी म्हणते 'असली', दुसरी म्हणते 'पुरानी' आणि तिसरी, दोघींवर कडी करण्यासाठी, 'असली और पुरानी'. तिन्ही दुकानांत माल तोच, भाव तोच आणि गिऱ्हाइकाला पटवण्याची भाषाही तीच. मूळ पुरुष कोण होता व त्याचे नाव कोणाकडे वारशाने आले, याची पंचाईत तेथे कोणी करीत नाही. नाव चालते, म्हणून सारे ते चालवितात.

मागल्या मे महिन्यात माझा भाचा पुण्याहून सुटीसाठी आला होता. पदपथावरच्या एका विक्रेत्याकडून त्याने इंग्रजी चित्रकथांची जुनी पुस्तके घेतली आणि रात्री जेवणे झाल्यावर एक कोडे माझ्यापुढे टाकले. बॅटमन नावाच्या वीराच्या कथांत 'क्लेफेस', म्हणजे मातीच्या चेहऱ्याचा, असा एक खलनायक आहे. १९४० सालच्या कथेत तो एक नट असतो. १९६१ सालच्या कथेत त्याच नावाने जो येतो, तो गुप्तधनाच्या शोधात निघालेला दुसराच कोणी माणूस. पुढे १९७८ मध्ये तिसरा येतो. "मामा, यांतला खरा कोणता?" हा त्याचा प्रश्न.

मी म्हणालो, "अरे, हे कोडे काही अमेरिकेतून आणायला नको. आपल्या इतिहासात ते आहे आणि त्याचा उगम येथून नव्वद किलोमीटरच्या आसपास आहे."

भाचा ऐकत ऐकत झोपी गेला. मला मात्र त्या रात्री झोप लवकर लागली नाही. त्याचे कारण शेवटी सांगेन. आधी इतिहास.

* * *

'तोतया' हा शब्द आजही मराठी वृत्तपत्रांत आठवड्यातून एकदा तरी भेटतो. तोतया पोलीस, तोतया डॉक्टर, आणि आपणा सर्वांना किंचित चिमटा बसावा असा तोतया अधिकारी. परंतु या शब्दाला मराठी मनात जे वजन आहे, ते अशा किरकोळ ठकांमुळे आलेले नाही. ते आले सदाशिवरावभाऊंच्या तोतयामुळे. न. चिं. केळकरांनी त्याच प्रकरणावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले आणि मराठी प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे तो मनुष्य पुन्हा उभा केला.

दिल्लीकर मराठी माणसाला भाऊसाहेबांची ओळख करून द्यावी लागू नये. आपण ज्या शहरात राहतो, त्याच्याशी त्यांचा संबंध निकटचा आहे. १७६० च्या १० जानेवारीस यमुनेच्या बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले, जनकोजी जखमी झाले. ते बुराडी आज दिल्लीच्या बसगाड्यांच्या पाटीवर वाचायला मिळते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भाऊंनी दिल्ली घेतली आणि सैन्याच्या पगारासाठी लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत उतरवून त्याची नाणी पाडली. पुढचे वर्ष उजाडले आणि १४ जानेवारीस पानिपत झाले.

त्या दिवशी दुपार कलल्यावर विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि लढाईच्या गर्दीत शिरले, येथवर हकीकत सुसंगत आहे. त्यानंतर मात्र त्यांना कोणी पाहिले, कोणत्या जागी पाहिले, याविषयी एकवाक्यता संपते. मोकळी अंबारी पाहून सैन्याचा धीर सुटला. 'भाऊगर्दी' हा आपला शब्द त्या दिवसापासून रूढ झाला असे सांगण्यात येते. ते खरे असेल, तर त्या शब्दात एक विचित्र गंमत आहे. भाऊंच्या नावाची गर्दी रणांगणावर झाली ती झालीच. पुढे त्या नावाभोवती दुसरीही एक गर्दी जमली.

शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशीराज पंडित हा त्या रणाचा डोळस साक्षीदार. त्याने १७८० मध्ये फारसीत लिहिलेल्या वृत्तान्तात प्रेतांच्या शोधाची हकीकत दिली आहे. एक शिरविरहित देह सापडला. त्याच्यावर काही मोती होते. भाऊंना ओळखणाऱ्यांना बोलावून अंगावरच्या खुणा पाहण्यात आल्या: पूर्वी झालेल्या हल्ल्याचा व्रण, पायावरील चिन्ह, नित्याच्या सूर्यनमस्कारांनी पडलेले घट्टे. शिर नंतर मिळाले. शुजाउद्दौल्याच्या खटपटीने देहाला अग्निसंस्कार झाला. काशीराजाच्या लेखी प्रश्न तेथे मिटला.

पण मराठी मनाच्या लेखी तो मिटला नाही. ज्यांनी देह ओळखला ते परक्यांच्या छावणीत होते. ज्यांनी ओळखायला हवा होता ते दक्षिणेच्या वाटेवर अन्नान्न करीत चालले होते. पुण्यास प्रथम पोचली ती सावकारी पत्राची सांकेतिक भाषा, मोत्यांची आणि मोहरांची. संकेतात मृत्यू कळतो. पण मृत्यूचा विश्वास पटण्यासाठी जे लागते, ती राख, ते तोंडचे शब्द, शेवटच्या क्षणी जवळ असलेल्या माणसाची साक्ष, यांपैकी संकेतात काहीच येत नाही. नानासाहेब पेशवे २३ जून १७६१ रोजी गेले. भाऊ मात्र मराठी मुलखात मेलेही नाहीत आणि जिवंतही राहिले नाहीत. आजही हरियाणात रोहतकजवळच्या सांघी गावी, भाऊ रणातून वाचून येथे बैराग्याच्या वेषात राहिले, अशी परंपरा सांगतात. लोकांना एखादा पुरुष गमावणे असह्य झाले म्हणजे ते त्याला साधू करून ठेवतात. साधूला दाखला लागत नाही.

* * *

अशा रिकाम्या जागा फार दिवस रिकाम्या राहत नसतात. पानिपतानंतर तीन-चार वर्षांतच बुंदेलखंडाच्या बाजूस, नरवरच्या आसपास, 'मी भाऊ' म्हणणारा एक मनुष्य प्रकट झाला. त्याचे नाव सुखलाल किंवा सुखनिधान असे मिळते. तो कनोजी ब्राह्मण होता. चेहरा भाऊंशी मिळताजुळता होता, असे म्हणतात. भोवती माणसे जमू लागली. थोरल्या माधवरावांनी १७६५ च्या सुमारास त्याला धरून पुण्यास आणविले. चौकशी झाली आणि सोंग उघडकीस आले. पण माधवरावांनी त्याला देहान्त दिला नाही. कैदेत टाकले. निरनिराळ्या किल्ल्यांवरून फिरत तो अखेर रत्नागिरीस आला.

येथपर्यंतची हकीकत एका ठकाची आहे. अशी माणसे प्रत्येक राज्यात निघतात आणि तुरुंगात विसरली जातात. पुढे जे झाले ते मात्र केवळ ठकबाजीने झाले नाही. १७७६ च्या प्रारंभी रत्नागिरीच्या सुभेदारानेच, रामचंद्र नाईक परांजपे यांनी, त्याला बंदीतून काढून भाऊसाहेब म्हणून पुढे केले. पाहता पाहता कोकणातील किल्ले त्याच्या स्वाधीन होऊ लागले. ग्रँट डफ त्याच्या सैन्याचा आकडा वीस हजार देतो. ज्या मनुष्याचे सोंग अकरा वर्षांपूर्वी खुद्द पेशव्याने उघडे पाडले होते, त्याच्यापुढे किल्लेदारांनी दरवाजे का उघडावेत?

उत्तरासाठी त्या वर्षाचा पट पाहिला पाहिजे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला होता. १८ एप्रिल १७७४ रोजी जन्मलेले सवाई माधवराव दुसऱ्या वर्षाच्या उंबरठ्यावर होते. राघोबादादा मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहाने इंग्रजांच्या आश्रयास गेले होते, आणि बारभाई त्या बालकाच्या नावाने राज्य चालवीत होते. मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला. परंतु मुंबईकर इंग्रजांना तो मानवला नव्हता. अशा वेळी गादीवर पाळण्यातले मूल, दारात घरभेदी चुलता आणि कारभार मुत्सद्द्यांच्या हाती. आता कल्पना करा की, चिमाजीअप्पांचा पुत्र, १७३० चा जन्म, म्हणजे राघोबादादांहून चार वर्षांनी वडील, ऐन सेहेचाळिशीचा अनुभवी पुरुष परत आला आहे. राघोबांचा हक्क त्याच्यापुढे फिका पडतो. बारभाईंची गरज उरत नाही. जो जो कारभाऱ्यांवर रुष्ट, ज्याची ज्याची सनद अडलेली, त्याला त्याला असा भाऊ हवाच होता. तोतयाने लोकांना फसवले हे खरे. पण त्याच्याकडे गेलेल्यांतील कितीजण खरोखर फसले होते आणि कितीजणांना फसणे सोयीचे होते, याचा हिशेब कोणत्याच दप्तरात मिळणार नाही.

आपण सारे सरकारी नोकर. अशी वेळ आपल्यावर आली असती, तर आपण काय केले असते? गडाखाली वीस हजार माणसे आणि एक पालखी. पालखीतला पुरुष म्हणतो, मी तुमचा धनी. तो खोटा असेल आणि दार उघडले, तर पुणे शिक्षा करील. तो खरा असेल आणि दार लावले, तर तो शिक्षा करील. वरिष्ठांकडे पत्र पाठवून उत्तर येईतो पाऊस लागेल. ज्यांनी दरवाजे उघडले त्यांना नंतर शिक्षा झाल्या. आणि ती शिक्षा देणाऱ्यांना तरी दुसरा मार्ग कोठे होता? राज्याची सारी यंत्रणा शेवटी एका गोष्टीवर चालते: हुकूम ज्याच्या नावाने आला, त्याचाच तो आहे हा भरवसा. तो एकदा गेला की किल्ला, खजिना, शिक्का, सारे मातीचे होते.

तोतया घाटमाथ्यापर्यंत आला. राजमाची आणि बोरघाटाच्या बाजूस त्याचा शिरकाव झाला, तेव्हा पुणे हादरले. पावसाळा सरल्यावर महादजी शिंदे आणि भिवराव पानसे चालून गेले व त्यांनी त्याचा मोड केला. तो गलबतात बसून मुंबईकडे निघाला असता राघोजी आंग्र्यांनी त्याला धरून पुण्यास पाठवले. रामशास्त्री प्रभुण्यांसारखा न्यायाधीश चौकशीत होता. हे तेच रामशास्त्री, ज्यांनी नारायणरावांच्या खुनाचा दोष राघोबादादांच्या तोंडावर सांगितला होता. निर्णय पहिल्यासारखाच झाला: हा भाऊ नव्हे. या वेळी मात्र कैद नव्हती. १७७६ च्या डिसेंबरात त्याला पुण्यात देहान्त शासन झाले.

* * *

सोंगे घेणारे सर्वत्र निघतात. पण त्यांच्या चौकशीत एक गोष्ट पुन:पुन्हा पुढे येते, ती म्हणजे अंगावरची खूण. जहांगीर बादशहाच्या कारकिर्दीत, १६१० साली, पाटण्यास कुतुब नावाच्या एका इसमाने आपण शहजादा खुसरू असल्याचे जाहीर केले. बंडानंतर खुसरूच्या डोळ्यांना शिक्षा झाली होती हे सर्वश्रुत होते. कुतुबाने आपल्या डोळ्यांजवळचे व्रण पुरावा म्हणून दाखवले आणि काही दिवस चक्क पाटणा शहर ताब्यात ठेवले. म्हणजे ज्या खुणेने काशीराजाने खरा भाऊ ओळखला, तशाच खुणेने पाटण्याने खोटा खुसरू ओळखला. खूण सत्य सांगते, हा आपला समज किती भाबडा आहे! खूण तेच सांगते, जे तिच्याकडून ऐकण्याची आपली इच्छा असते.

रशियाची हकीकत तर याहून चमत्कारिक. राजपुत्र दिमित्री १५९१ साली उग्लिच येथे बालपणीच मरण पावला. पुढे त्या नावाने एकामागून एक तीन पुरुष निघाले. पहिला १६०५ मध्ये खरोखरच मॉस्कोच्या गादीवर बसला आणि वर्षभरात मारला गेला. त्याची राणी मरीना ही पोलंडच्या एका सरदाराची कन्या. थोड्याच काळात दुसरा दिमित्री उभा राहिला आणि मरीनाने सर्वांसमक्ष त्याला आपला पती म्हणून ओळखले! गादीची वाट त्या ओळखीतून जात होती. तिने ती वाट धरली. या मरीनेचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. मला ते पुढे लागणार आहे.

आणि मग आपल्याच इतिहासातला दुसरा, अधिक करुण प्रकार. दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र धोंडोपंत नानासाहेब. जानेवारी १८५१ मध्ये ब्रह्मावर्तास बाजीरावांचे देहावसान झाले आणि त्यांचे आठ लाखांचे सालिना वेतन कंपनीने बंद केले. सत्तावनचा वणवा विझल्यावर नानासाहेब नेपाळच्या तराईत शिरले. तेथे १८५९ मध्ये ते तापाने गेल्याच्या बातम्या आल्या. पण देह कोणी पाहिला नाही. त्यांच्या मस्तकावर इंग्रज सरकारने एक लाख रुपयांचे इनाम लावले होते.

लाख रुपये! त्या रकमेने हिंदुस्थानभर नानासाहेब पिकवले. पुढील काही दशके कराचीपासून अजमेरापर्यंत कोठे ना कोठे एखादा बैरागी, एखादा वाट चुकलेला ब्राह्मण, 'हाच तो नाना' म्हणून धरला जाई. त्याची उंची मोजली जाई, रंग पाहिला जाई, कानपूरच्या जुन्या साक्षीदारांना पाचारण होई आणि काही आठवड्यांनी त्याला सोडून द्यावे लागे. १८७४ च्या ऑक्टोबरात तर ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांनी स्वत: एका बैराग्याला नाना म्हणून इंग्रजांच्या स्वाधीन केले. केवढी खळबळ उडाली! त्याला कानपुरास नेले. नानासाहेबांना पूर्वी जवळून पाहिलेले इंग्रज बोलावले गेले. शेवटी हा नाना नव्हे, असेच ठरले. १८९५ मध्ये काठेवाडात एका तरुण अंमलदाराने असाच एक म्हातारा धरून मोठ्या उत्साहाने कलकत्त्यास तार केली व 'ताबडतोब सोडून द्या' एवढेच उत्तर त्याला आले, अशी हकीकत पर्सिव्हल लँडन या इंग्रज लेखकाने नमूद केली आहे. सत्तावनला अडतीस वर्षे झाली होती. सरकारलाही आता नाना सापडायला नको होता.

या दोन प्रकरणांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. सुखलालाने भाऊंचे नाव आपण होऊन अंगावर घेतले, कारण त्या नावात राज्य होते. ब्रह्मावर्ताच्या नावाचे ओझे मात्र बहुतेकांवर दुसऱ्यांनी लादले, कारण त्या नावात इनाम होते. पहिल्या नावाने मनुष्य पालखीत बसत होता. दुसऱ्या नावाने बेड्यांत. एकच नाव अनेकांकडे जाते तेव्हा प्रत्येक वेळी नाव घेणाराच खलनायक असतो असे नाही. कधी तो नाव देणारा असतो. आणि कधी, इतिहासाकडे शांतपणे पाहिले तर, खलनायक असा कोणी नसतोच. एक रिकामी जागा असते. तिच्यात कोणी शिरतो आणि कोणी ढकलला जातो, एवढेच.

* * *

आता पार्वतीबाईंविषयी.

पानिपतावर भाऊंबरोबर त्यांच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. त्या त्या प्रलयातून वाचून दक्षिणेत परत आल्या. पतीचा देह त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत. पेशव्यांच्या घराण्यात, अठराव्या शतकातल्या पुण्यात, एका ब्राह्मण स्त्रीने 'मी विधवा नाही' असे म्हणून जगायचे, ही गोष्ट आज वाटते तितकी सोपी नव्हती. शास्त्राने अशा प्रसंगाची सोय करून ठेवली होती. परागंदा मनुष्याची बारा वर्षे वाट पाहावी, मग पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिला अग्नी द्यावा. बारा वर्षे १७७३ मध्ये भरली. पार्वतीबाईंची वाट पाहणे संपले नाही. त्या १७८३ मध्ये वारल्या. त्यानंतरच दोघांची उत्तरक्रिया एकत्र झाली, असे इतिहासकार सांगतात.

पुष्कळजण या गोष्टीकडे एका भोळ्या बाईची वेडी आशा म्हणून पाहतात. तोतयाच्या बंडाला तिनेच बळ दिले, असाही सूर ऐकू येतो. अशा आशेच्या हवेत तोतये श्वास घेतात, एवढे त्यात तथ्य आहे. परंतु सालांकडे जरा निरखून पाहा. तोतयाला देहान्त झाला १७७६ च्या अखेरीस. तो आपला पती आहे असे पार्वतीबाईंना वाटत असते, तर त्या दिवशी त्या विधवा झाल्या असत्या. त्या झाल्या नाहीत. पुढची सात वर्षे त्या पूर्वीप्रमाणेच राहिल्या. याचा अर्थ मला तरी एकच दिसतो. सारे कोकण ज्याला भाऊ म्हणत होते, त्याला या बाईने आपल्या मनात भाऊ म्हटले नाही. तिची आशा भोळी असती, तर ती समोर आलेल्या पहिल्या चेहऱ्यावर जाऊन बसली असती. रशियाच्या मरीनेसारखी तिलाही वाट मोकळी होती. एका शब्दात ती राज्यातली पहिली स्त्री झाली असती. किल्लेदारांनी जे सोयीसाठी केले, ते तिने सर्वस्वासाठीही केले नाही. भाऊ जिवंत आहेत हा तिचा विश्वास चुकीचा असेल. पण हा भाऊ नव्हे, हे ओळखण्यात ती रामशास्त्र्यांच्या पंक्तीला बसते. आणि तिच्यापाशी ना साक्षीदार होते, ना खुणांची यादी.

आशा आणि भोळेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला इतिहासाच्या पुस्तकांनी फार उशिरा शिकवले. त्याआधी ते शिकण्याची एक संधी मी दवडली होती. त्या रात्री झोप न येण्याचे कारण ते.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एका कचेरीत निवृत्तिवेतनाच्या धारिका पाहत होतो. आमच्याच खात्यातला एक कनिष्ठ कर्मचारी प्रवासात बेपत्ता झाला होता. कायद्याची कसोटी आपणा सर्वांना पाठ आहे. ज्याच्याविषयी सात वर्षे काही ऐकू आले नाही, तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम १०८ होते. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी सात वर्षे कायम आहेत. शास्त्राची बारा, सरकारची सात. कुटुंब-निवृत्तिवेतनापुरती सरकारने आणखी दया केली आहे. पोलिसांचा शोध न लागल्याचा दाखला आणि हमीपत्र घेऊन, सात वर्षे न थांबताही ते देता येते.

त्या कर्मचाऱ्याच्या पत्नीचा अर्ज माझ्या मेजावर आला. नमुन्यात एके ठिकाणी 'पत्नी / विधवा' असे छापले होते व खाली, लागू नसेल ते खोडावे, अशी सूचना होती. बाईंनी काहीच खोडले नव्हते. बाकी सर्व रकाने सुवाच्य अक्षरांत भरलेले, सह्या जागच्या जागी, जोडपत्रे पूर्ण. मी धारिकेवर 'अर्ज अपूर्ण' असा शेरा मारला आणि त्रुटी दाखवून तो परत पाठवला. नियमाने ते बरोबर होते. तो अर्ज फिरून येण्यास चार महिने लागले. आला तेव्हा 'पत्नी' हा शब्द खोडलेला होता, आणि कागद त्या जागी फाटला होता.

माझ्या हातून कोणताही नियम मोडला गेला नाही. निवृत्तिवेतन मिळाले. पण त्या बाईंनी दोन्ही शब्द तसेच ठेवले, ती नजरचूक नव्हती. तिच्या स्थितीचे तेवढे एकच अचूक वर्णन त्या छापील कागदावर शक्य होते. मी ते अचूक वर्णन अपूर्ण ठरवले आणि तिला तिच्याच हाताने एक शब्द खोडायला लावला. पुण्याच्या शास्त्रीमंडळाने वा कारभाऱ्यांनी पार्वतीबाईंना जे करायला लावले नाही, ते मी एका शेऱ्याने करून घेतले.

* * *

पानिपतची काला आमची जागा आमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. संक्रांतीच्या सुमारास दिल्लीतील मराठी मंडळी तेथे जातात. यंदा मी भाच्याला घेऊन गेलो होतो. स्तंभाजवळ उभे असताना त्याने जुना प्रश्न पुन्हा काढला, "मग मामा, खरा कोणता ते कसे ओळखायचे?"

मी त्याला सांगितले, राजाने ओळखले ते खुणांनी, न्यायाधीशाने साक्षींनी, किल्लेदारांनी सोयीने. आणि एका बाईने त्यांतले काहीच हाताशी नसताना ओळखले.

"कशाने?"

त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. परत येताना करोल बागेत दिवे लागले होते. 'असली', 'पुरानी' आणि 'असली और पुरानी' या तिन्ही दुकानांपुढे नेहमीसारखीच गर्दी होती. भाचा गाडीत झोपला होता. दुसऱ्या दिवशी कचेरीत गेल्यावर मी आमच्या शाखेतला तो नमुना काढून पाहिला. अजून तो तसाच छापला जातो. त्या रकान्यात तिसऱ्या पर्यायाची जागा ठेवावी, अशी एक टिपणी मी त्याच दिवशी वर पाठवली आहे. ती मान्य होईल की नाही, सांगता येत नाही. निदान ती अपूर्ण म्हणून परत येऊ नये, एवढी काळजी मात्र घेतली आहे.